रेसिपी कुणाची, फोटो कुणाचा, पैसे कुणाचे: खाण्यावर लिहिताना श्रेय कसं द्यायचं आणि काय काय उघड सांगायचं

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाचे मॉडेल कोल्हापुरीसारख्या चपला घालून चालले आणि कोल्हापूरचं, अथणीचं, निपाणीचं कुठंच नाव नव्हतं, तेव्हा आपल्याकडं केवढा संताप झाला होता आठवतंय ना. नंतर कंपनीला लेखी मान्य करावं लागलं की हे भारतातल्या हातानं केलेल्या पारंपरिक चपलांवरून घेतलंय. त्या चपलेचं जीआय मानांकन, म्हणजे अमुक वस्तू अमुक भागाचीच अशी सरकारी नोंद, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांचं मिळून आहे आणि त्यात आपला बेळगाव जिल्हा आहे, म्हणजे तो राग आपल्या हक्काचाच होता. मग तोच न्याय ताटातल्या गोष्टींना का लावायचा नाही? खानापूरकडच्या मावशीकडून चटणी शिकायची, धारवाडच्या कन्नड चॅनेलवर एण्णेगाई, म्हणजे भरली वांगी, बघायची आणि वर लिहायचं 'माझी सिक्रेट रेसिपी', हे मला अजिबात पटत नाही.

आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात तर हा विषय जास्तच नाजूक आहे, कारण इथलं खाणं एका घरातून दुसऱ्या घरात, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत तोंडातोंडी जातं आणि कागदावर फार थोडं असतं. पुस्तकातून घेतलं तर नाव द्यायचं हे सगळ्यांना माहीत असतं, पण शेजारच्या वैनींकडून घेतलं तर काय करायचं हे कुणी सांगत नाही. म्हणून मी जसं करते तसं सगळं इथं सविस्तर लिहितेय, फेसबुकवर लिहा, इन्स्टावर रील करा नाहीतर यूट्यूबवर व्हिडिओ टाका, पद्धत तीच.

आधी वही काढा, लिहायचं नंतर बघू

श्रेय द्यायचं राहून जातं ते बहुतेक वेळा लबाडीमुळं नाही, विसरल्यामुळं. सहा महिन्यांनी लिहायला बसलं की हे नक्की कुणी सांगितलं होतं तेच आठवत नाही. त्यामुळं कुणाकडं काही शिकलात की त्याच दिवशी वहीत नाहीतर मोबाइलच्या नोट्समध्ये टिपून ठेवा: कुणी सांगितलं, गाव किंवा गल्ली कुठली, तारीख, कुठल्या भाषेत सांगितलं, त्यांनी स्वतः कुणाकडून घेतलं, मापं त्यांच्या शब्दांत, आणि घरी करताना तुम्ही काय बदललंत.

यातला 'त्यांनी कुणाकडून घेतलं' हा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि खरा खजिना तिथंच असतो. एक उदाहरण सांगते. शेंगदाण्याची चटणी, आपल्याकडं घरोघरी असते तीच. खानापूर तालुक्यातल्या एका मावशींकडं मी ती बघितली, दगडी उखळात कुटत होत्या. दाणे मंद आचेवर भाजलेले, साल अर्धवट काढलेली, लसूण सालीसकट, जिरं, मीठ, तिखट आणि बोराएवढा गुळाचा खडा. लसूण आधी नाही टाकायचा, दाणे थोडे कुटून झाले की मग टाकायचा, आणि मुसळाला तेल दिसायला लागलं की थांबायचं, नाहीतर चटणीचा गोळा होतो. दाणे किती म्हणून विचारलं तर 'दोन मुठी'. कुणाची मूठ? त्यांची. मग मी त्यांच्या मुठीनं ताटलीत काढायला लावले आणि घरी येऊन वजन केलं, म्हणजे लिहिताना 'त्यांच्या दोन मुठी, साधारण शंभर ग्रॅम' असं लिहिता आलं. अशी मूळ माप आणि तुमचं माप दोन्ही द्यायची सवय लावून घ्या, त्यामुळं कुठला आकडा त्यांचा आणि कुठला तुमचा हे वाचणाऱ्याला कळतं.

मग विचारलं, मावशी तुमचं नाव घालू का? तर म्हणाल्या, "माजं कशाला घालतीस, मी काय शोदून काडले काय, सासूनं शिकवलं, ती संकेश्वरकडची, तिचं घाल की." आता बघा, हा एक प्रश्न विचारला नसता तर मी 'खानापूरची चटणी' म्हणून लिहून मोकळी झाले असते आणि ती चटणी मुळात लग्न होऊन इकडं आलेल्या बाईबरोबर संकेश्वरकडून आलेली. आपल्याकडच्या कितीतरी पदार्थांचा प्रवास असाच झालाय, माहेरून सासरी. म्हणून जमेल तिथं श्रेय दोन पिढ्यांचं द्या, कोणी शिकवलं आणि त्यांना कोणी.

आजीच्या वहीबद्दल मात्र थोडं सावध राहा. जुन्या वह्यांमध्ये मासिकातून उतरवलेलं, रेडिओवर ऐकलेलं, तेलाच्या नाहीतर बेसनाच्या पाकिटावरचं असं बरंच असतं. भाषा एकदम छापील वाटली, 'साहित्य' आणि 'कृती' अशा मथळ्यांखाली नीट आकडे असले, तर ते बहुधा छापलेल्याचं उतरवलेलं आहे. तेव्हा 'आजीची पारंपरिक रेसिपी' न लिहिता 'आजीच्या वहीतून, मूळ बहुतेक एखाद्या मासिकातलं, नाव सापडलं नाही' असं लिहा. यानं आजीचा मान कमी होत नाही, तिनं ते निवडलं, केलं, जपलं हे आहेच.

नाव घालू का, हे तोंडावर विचारा

श्रेय द्यायचं म्हणजे नाव छापायचंच असं नाही, आधी विचारायचं. काही जणींना नाव आलेलं आवडतं, काहींच्या घरी चालत नाही, काहींना गावाचं नाव चालतं पण आडनाव नको असतं. मी चार गोष्टी वेगवेगळ्या विचारते: नाव घालू का, गाव घालू का, फोटो घालू का, आणि रेसिपी मापासकट घालू का. एका गोष्टीला होय म्हटलं म्हणजे सगळ्याला होय असं धरू नका. शक्य असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हॉइस मेसेज मागून घ्या, 'होय, माझं नाव घाला' एवढाच, पुढं घरच्यांनी विचारलं तर तुमच्याकडं आणि त्यांच्याकडं दोघांकडं राहतो.

नाव नको म्हणाल्या तर 'खानापूर तालुक्यातल्या एका मावशींकडून शिकले, त्यांनी नाव घालायला नको सांगितलंय' एवढं पुरतं. हे पण श्रेयच आहे, आणि तुम्ही नाव लपवत नाही आहात हेही कळतं. फोन नंबर मात्र त्यांनी स्वतःहून ऑर्डरसाठी द्या म्हटल्याशिवाय कधीच टाकू नका, बाईमाणसाचा नंबर असा उघड्यावर गेला की रात्रीबेरात्री कोण कोण फोन करतं ते त्यांनाच भोगावं लागतं.

आणि जी माणसं तोच पदार्थ विकून घर चालवतात त्यांचं वेगळं. चटणी-लोणची विकणाऱ्या ताई, डिंक-सुक्यामेव्याचं करदंट करणारे, दूध आटवून केलेल्या कुंद्याचे दुकानदार. त्यांनी विश्वासानं काही दाखवलं तर नेमकं माप आणि नेमकी युक्ती छापायची नाही, त्यांनी परवानगी दिली असली तरी मी दोनदा विचारते, कारण बोलण्याच्या ओघात होय म्हटलं जातं. कुंदा घरी करून बघितला असेल तर सरळ लिहा की 'हा घरी केलेला, दुकानातल्या चवीच्या जवळ जायचा प्रयत्न आहे, दुकानाची रेसिपी नाही'. 'बेळगावच्या प्रसिद्ध दुकानासारखाच कुंदा' असं लिहून त्यांच्या नावावर लाइक घ्यायचे नाहीत.

शिकले, बेतलं, की नुसतं सुचलं

आता लिहायला बसलात. पहिल्यांदा स्वतःशी ठरवा की तुमचं आणि मूळ रेसिपीचं नातं काय आहे. मी तीनच शब्द वापरते. जशीच्या तशी घेतली असेल तर 'अमुक यांच्याकडून शिकले'. मूळ तीच पण साहित्य, माप किंवा पद्धत बदलली असेल तर 'अमुक यांच्या रेसिपीवर बेतलेलं' आणि पुढं काय बदललं ते. आणि कुठंतरी खाल्लं किंवा बघितलं, पण रेसिपी सगळी स्वतः जुळवली, तर 'अमुक ठिकाणी खाल्लं त्यावरून सुचलं'. यातलं मधलं सगळ्यात जास्त वेळा लागतं आणि सगळ्यात कमी वेळा लिहिलं जातं.

तीन गोष्टी बदलल्या की रेसिपी आपली झाली असं बऱ्याच ग्रुपमध्ये सांगतात. असा कुठलाही नियम कायद्यात नाही. आपल्याकडं १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे आणि सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केलं की कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रीतीनं मांडली त्यावर असतो. स्वयंपाकाला लावून बघा: भरल्या वांग्यात दाण्याचं कूट, तीळ, खोबरं, गोडा मसाला घालायचा ही गोष्ट कुणाच्या मालकीची नाही, साहित्याच्या साध्या यादीवर सहसा कुणाला हक्क सांगता येत नाही. पण ती कृती कुणीतरी आपल्या शब्दांत लिहिली, त्यात आठवण सांगितली, युक्त्या समजावल्या, ते लिखाण त्या माणसाचं. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं त्यावर हक्क राहतो. त्यामुळं दुसऱ्याच्या पोस्टमधली कृती कॉपी-पेस्ट करून खाली 'क्रेडिट: मूळ लेखक' लिहिलं तरी ते चालत नाही. श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ वाचा, बाजूला ठेवा, पदार्थ स्वतः करा, आणि मग तुम्ही काय केलंत ते तुमच्या शब्दांत लिहा, वर नाव आणि लिंक द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेल्या रेसिपीचं काय? आधी शोधा. त्यातलं एखादं वेगळं वाटणारं वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर टाका, फोटो असेल तर गूगल लेन्समधून बघा, बऱ्याचदा दहा मिनिटांत मूळ सापडतं. नाहीच सापडलं तर 'व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली, मूळ कुणाची माहीत नाही, माहीत असल्यास सांगा' असं लिहा आणि मजकूर तसाच चिकटवू नका, करून बघून आपल्या शब्दांत लिहा.

श्रेयाची ओळ कुठं लिहायची

वर. पदार्थाच्या नावाच्या लगेच खाली. शेवटच्या ओळीत, हॅशटॅगच्या ढिगात, नाहीतर पहिल्या कमेंटमध्ये लिहिलेलं श्रेय कुणी वाचत नाही. इन्स्टावर कॅप्शनच्या पहिल्या एकदोन ओळीच दिसतात, बाकी दाबून उघडावं लागतं, म्हणून नाव पहिल्या ओळीत. यूट्यूबवर तोंडानं पण बोला आणि खाली पण लिहा, कारण कितीतरी बायका काम करता करता नुसतं ऐकतात. रीलमध्ये पडद्यावर अक्षरं वाचून होतील एवढा वेळ ठेवा.

ओळ कशी असावी, तर अशी: 'शेंगदाणा चटणी. खानापूर तालुक्यातल्या एका मावशींकडून शिकले, त्यांना ती संकेश्वरकडच्या त्यांच्या सासूबाईंनी शिकवली. मी उखळाऐवजी मिक्सर वापरलाय आणि तिखट निम्मं केलंय.' एवढंच. यात माणूस आहे, गाव आहे, वाट आहे आणि तुमचा बदल आहे. पुस्तकातून घेतलं तर पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं साल आणि पान, पान देणं महत्त्वाचं, कारण पाचशे पानांच्या पुस्तकात नुसतं नाव देऊन वाचणाऱ्याला काहीच सापडत नाही. वेबसाइटची लिंक देताना त्या रेसिपीची थेट लिंक द्या, नुसतं मुखपृष्ठ नको. आणि ती लिंक इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर साठवून ठेवली तर मूळ पान पुढं बंद पडलं तरी पुरावा राहतो.

कन्नडमधून घेताना

आपण मराठी घरात वाढलेलो असलो तरी अर्ध्या रेसिपी कन्नड घरांतून, कन्नड चॅनेलवरून घेतो, यात लपवण्यासारखं काही नाही. पण मी बघते की कन्नड व्हिडिओवरून घेतलेली रेसिपी मराठीत लिहिली की लोकांना वाटतं आता ती आपली झाली, भाषा बदलली ना. तसं नसतं, भाषांतराचा हक्कसुद्धा कायद्यानं मूळ लिहिणाऱ्याकडंच असतो. चॅनेलचं नाव देवनागरीत लिहा, व्हिडिओची लिंक द्या, आणि काही समजलं नसेल, एखादा जिन्नस अंदाजानं घेतला असेल, तर तेही सांगा.

ज्या घरातून शिकलात त्या घरात पदार्थाला जे म्हणतात ते नाव आधी, तुमच्या घरचं नाव नंतर. गोकाकच्या कन्नड मैत्रिणीकडून होळिगे शिकलात तर होळिगे लिहा, पुढं पुरणपोळी लिहा. पदार्थ महाराष्ट्राचा की कर्नाटकाचा या वादात श्रेयाची ओळ ओढू नका. तुम्हाला जे ठाऊक आहे ते एवढंच असतं की हे अमुक घरात, अमुक गावात शिकले, आणि तेवढं लिहिलं तर कुणालाच खोडून काढता येत नाही. सीमेचं जे काही दुखणं आपल्या मनात आहे ते मला पण आहे, पण त्याचा भार एखाद्या अक्कानं प्रेमानं शिकवलेल्या भाजीवर का टाकायचा.

इतिहास सांगायचा मोह

सगळ्यात जास्त थापा इथं चालतात, आणि बहुतेक जण त्या चांगल्या मनानं मारतात. 'हजार वर्षांची परंपरा', 'शिवकालीन', 'राजघराण्यातली रेसिपी'. माझा नियम असा आहे की इतिहासाचं प्रत्येक वाक्य लिहिताना तीनपैकी एक चिठ्ठी लावायची: कागदावर आहे, लोक सांगतात, माझा अंदाज आहे.

मांड्यांचं घ्या. बेळगावचे मांडे म्हणून आपण अभिमानानं सांगतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मंडक नावाचा पदार्थ येतो, हे कागदावर आहे. ज्ञानेश्वरांनी पाठ तापवली आणि मुक्ताईनं त्यावर मांडे भाजले, ही लोक सांगतात ती कथा, मोठ्या श्रद्धेची, पण कथा म्हणूनच लिहायची. आणि आजचे पालथ्या खापरावर भाजलेले आपले मांडे थेट त्या मंडकापासूनच आलेत असं कुणी लिहिलं तर तो अंदाज. तिन्ही लिहा, बिनधास्त लिहा, फक्त एकमेकांत मिसळू नका. कुंद्याचंही तसंच, दूध चुकून जास्त आटलं आणि कुंदा जन्माला आला ही गोष्ट शहरात सगळे सांगतात आणि ती घडली कुणाच्या हातून हे माणसागणिक बदलतं, तेव्हा 'सांगतात' हा शब्द घालायलाच पाहिजे.

एक सोपी कसोटी देते. मिरची, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो हे सगळे अमेरिका खंडातले, पोर्तुगीज वगैरे युरोपीय लोक आल्यानंतर म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढं हळूहळू आपल्याकडं रुजले. तेव्हा लाल तिखटाची शेंगदाणा चटणी 'हजारो वर्षांपासून' असूच शकत नाही. पदार्थ आपल्या हाडामासी खिळलेला आहे, तरी त्याचं वय खोटं सांगायची गरज नाही.

जीआयचं पण लोक अंदाजे ठोकून देतात. बेडगी मिरचीला २०११ मध्ये, कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये जीआय मिळालं, धारवाड पेढ्यालाही आहे. बाकी कशाला आहे म्हणायच्या आधी चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर शोधा, यादी सगळ्यांना खुली आहे. आणि जे वापरलंत तेच लिहा. बाजारातून सुटं लाल तिखट आणलं असेल तर 'बाजारातलं सुटं तिखट' लिहा, बेडगी म्हणू नका, कारण बेडगी रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य, संकेश्वरी तिच्यापेक्षा चांगलीच झणझणीत, तुमच्या नुसत्या शब्दावर विसंबून कुणी दोन चमचे घातले तर ताट फुकट जातं.

फोटो

सगळ्यात उत्तम म्हणजे स्वतः काढलेला, भले लाइट पिवळा आला तरी. गूगलवर दिसला म्हणजे फुकट असं नसतं, फोटोवरही काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क असतो. दुसऱ्याचा हवाच असेल तर मेसेज करून मागा, बहुतेक लोक आनंदानं देतात, आणि मिळालेलं उत्तर जपून ठेवा. विकिमीडिया कॉमन्सवरचे फोटो वापरता येतात पण त्यांच्याही अटी असतात: क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात 'बाय' असेल तर नाव देणं सक्तीचं, 'एसए' असेल तर तुम्ही त्यात फेरफार करून टाकलं तर तेही त्याच परवान्यानं खुलं ठेवायचं, आणि दुसऱ्या साइट्सवर 'एनसी' दिसलं तर पैसे मिळवायच्या कामाला वापरायचं नाही. फोटोखाली काढणाऱ्याचं नाव, फोटोचं नाव, कुठून घेतला आणि परवाना कुठला, या चार गोष्टी लिहा.

एआयनं बनवलेला फोटो असेल तर तसं फोटोवरच लिहा. खरं सांगायचं तर रेसिपीला एआयचा फोटो लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण फोटो हा तुम्ही तो पदार्थ केल्याचा पुरावा असतो आणि तसा रंग, तसा पोत घरी येणारच नसतो. यल्लम्माच्या यात्रेत, लग्नाच्या मांडवात स्वयंपाक करणाऱ्या बायकांचे फोटो घेताना आधी विचारा, कामात आहेत म्हणून न विचारता काढायचे नाहीत.

पैसे, फुकटचं जेवण आणि पावणेरावळे

आता अवघड भाग. मोठ्या शहरात ब्रँड पैसे देतात, आपल्याकडं तसं कमी, आपल्याकडं हॉटेलवाले म्हणतात "पैसे कशाला ओ ताई, आपलीच माणसं". आणि तिथंच अडतं. नियमांच्या नजरेत फुकटची थाळी, सवलत, भेट आलेला मसाल्याचा डबा, आणि हॉटेल चुलतभावाचं असणं, हे सगळं संबंध म्हणूनच धरतात आणि ते उघड सांगावं लागतं. जाहिरात क्षेत्रातल्या एएससीआय या स्वयंनियमन करणाऱ्या संस्थेची इन्फ्लुएन्सरसाठीची नियमावली जून २०२१ पासून आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार खात्यानं इन्फ्लुएन्सरसाठी सोप्या भाषेत पुस्तिका दिली. दिशाभूल केल्यास पहिल्यांदा १० लाखांपर्यंत, परत केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि जाहिरात करणाऱ्या माणसावर एक वर्षापर्यंत, पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. हजारभर फॉलोअर असणाऱ्यावर उद्या कुणी धाड घालणार नाही हे खरं, पण आपल्या गल्लीतली माणसं तुमच्या शब्दावर कुटुंबाला घेऊन त्या हॉटेलात जातात, खिशातले पैसे घालतात, त्यांना हे कळायलाच हवं.

कसं लिहायचं? साध्या मराठीत. पोस्ट मराठीत असेल तर खूण पण मराठीत ठेवा. 'जाहिरात', 'पैसे घेऊन केलेली पोस्ट', 'जेवणाचं बिल हॉटेलनं घेतलं नाही', 'मसाला कंपनीनं भेट पाठवला', 'हॉटेल माझ्या नातेवाइकांचं आहे'. पहिल्या ओळीत, हॅशटॅगच्या गर्दीत नाही. व्हिडिओसाठी एएससीआयचं माप असं: १५ सेकंदांपेक्षा छोटा असेल तर खूण निदान ३ सेकंद दिसली पाहिजे, १५ सेकंद ते २ मिनिटं असेल तर एक तृतीयांश वेळ, आणि त्याहून मोठा असेल तर ज्या भागात त्या वस्तूबद्दल बोलताय तो सगळा भाग. लिंकवरून कुणी कढई विकत घेतली की तुम्हाला कमिशन मिळत असेल तर तेही त्या लिंकच्या शेजारीच लिहा.

हॉटेलात जायच्या आधीच बोलून घेतलं की नंतर अवघडल्यासारखं होत नाही. मी सरळ सांगते, दादा बिल घ्या, नाही घेतलं तर मी तसं लिहिणार, आणि लिहिलेलं आधी दाखवणार नाही, आवडलं नाही तर तेही लिहीन. यावर काही जण परत बोलवत नाहीत, चालतं. पैसे घेऊन केलेल्या पोस्टमध्ये न आवडलेली गोष्ट लिहायची मोकळीक नसेल तर ते काम घेऊ नका, किंवा ती जाहिरातच आहे हे एवढं ठळक लिहा की परीक्षण म्हणून कुणी वाचणार नाही.

तब्येतीचे दावे करताना जपून. 'नाचणीच्या आंबिलीनं शुगर उतरते', 'डिंकाच्या करदंटनं सांधे बरे होतात' हे आपण सहज लिहून जातो. ऑगस्ट २०२३ पासून आरोग्याबद्दल बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरसाठी वेगळ्या सूचना आहेत, डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ नसाल तर हा डॉक्टरी सल्ला नाही हे स्पष्ट सांगावं लागतं. घरी आंबील का पितात, आजी काय म्हणायची हे लिहा, औषध म्हणून लिहू नका. आणि घरगुती लाडू-चटण्या विकणाऱ्या कुणाची शिफारस करणार असाल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी खात्याचा, १४ आकडी नंबर आहे का ते विचारून घ्या.

करून बघितलं का

नसेल बघितलं तर सांगा. चुलीवरचं सांगून गॅसवर केलं असेल, चार जणांचं माप वीस जणांसाठी नुसतं गुणून दिलं असेल, खानापुरी मातीच्या भांड्याऐवजी स्टीलच्या पातेल्यात केलं असेल, तर एक ओळ लिहा.

दुरुस्ती आणि जुन्या पोस्ट

कुणी येऊन सांगितलं की हे असं नाही, किंवा ही रेसिपी माझी आहे, तर आधी भांडू नका, बघा. बरोबर असेल तर पोस्टच्या वरतीच तारीख घालून लिहा की काय बदललं आणि कुणाच्या सांगण्यावरून. गुपचूप बदलायचं किंवा पोस्टच उडवायची हे करू नका, ज्यांनी आधी वाचून स्क्रीनशॉट ठेवलाय त्यांच्याकडं चुकीचंच राहतं. अपवाद एकच: ज्या माणसाकडून शिकलात त्यानं नाव, फोटो किंवा रेसिपी काढा म्हटलं तर कारण न विचारता त्याच दिवशी काढा.

तुमचं कुणी उचललं तर स्क्रीनशॉट घ्या, तारखेसकट, आणि पहिला मेसेज खाजगीत आणि नीट शब्दांत करा, बऱ्याच जणांना खरंच माहीत नसतं. उत्तर आलं नाही तर फेसबुक, इन्स्टा, यूट्यूब सगळीकडं कॉपीराइटची तक्रार करायचा फॉर्म असतो, तो भरा. फक्त लक्षात ठेवा की तक्रार तुमच्या फोटोची आणि लिखाणाची होते, 'भरलं वांगं माझं आहे' अशी होत नाही.

जुन्या पोस्ट एकदम सगळ्या सुधारायला गेलात तर दमून सोडून द्याल. आधी पैसे घेतलेल्या आणि फुकट खाल्लेल्या पोस्टवर खूण घाला, कारण त्यात दुसऱ्याच्या खिशाचा प्रश्न आहे. मग दुसऱ्यांचे फोटो काढून टाका किंवा परवानगी मागा. मग ज्या रेसिपीचं मूळ माणूस आठवतंय त्यांना विचारून नाव घाला, यातली वयस्कर माणसं आधी घ्या, कारण त्यांना विचारायची संधी नेहमी राहील असं नाही. आणि जिथं काहीच आठवत नाही तिथं वर एक ओळ टाका, 'ही कुणाकडून शिकले ते आठवत नाही, तुमच्या ओळखीची वाटली तर सांगा, नाव घालते'. आपल्या भागातले लोक सांगतात, आणि कुणाच्या सासरची, कुणाच्या माहेरची तेही सांगतात, ते सगळं परत वहीत टिपून घ्या.